नागपूरचे सभागृह आणि गृहखात्याचे उत्तर

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात कायदा-सुव्यवस्थेवरची चर्चा साधारण एका ठरलेल्या वळणाने जाते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधक मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार टाकतात आणि त्याच पत्रकार परिषदेत राज्यात गुंडाराज आल्याचे सांगतात. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर घोषणा होतात. मग स्थगन प्रस्ताव येतो आणि फेटाळला जातो, लक्षवेधी लागते, आणि शेवटच्या आठवड्यात विरोधकांच्या प्रस्तावावर गृहमंत्री तास-दीड तास बोलतात. हा रिवाज आज इतका अंगवळणी पडला आहे की तो कधी सुरू झाला, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. याच शहरात एक काळ असा होता की पोलिसांचे खाते सांभाळणाऱ्याला सभागृह फक्त प्रश्न विचारू शकत होते, पदावरून हलवू शकत नव्हते.

मध्य प्रांताच्या कायदेमंडळाच्या बैठका नागपुरात 1914 पासून होऊ लागल्या. त्याला खरी धार आली ती 1919 च्या कायद्यानंतर. या कायद्याने प्रांताचा कारभार दोन भागांत वाटला. शिक्षण, आरोग्य, अबकारी यांसारखी ‘सोपीव’ खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, तुरुंग, जमीन महसूल आणि तिजोरी ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. 1921 साली नवे कौन्सिल बसले तेव्हा सर गंगाधरराव चिटणवीस अध्यक्ष होते आणि गृहखाते सर मोरोपंत जोशी यांच्याकडे होते. जोशी अमरावतीचे नामवंत वकील, नेमस्त पक्षाचे. मराठी माणूस, घटनेच्या चौकटीवर विश्वास ठेवणारा. पण त्यांची नेमणूक वरून झालेली होती. कौन्सिलचे बहुमत विरोधात गेले तरी त्यांना घरी जावे लागत नव्हते.

1923 च्या झेंडा सत्याग्रहात या व्यवस्थेची कसोटी लागली. राष्ट्रध्वज घेऊन निघालेल्या मिरवणुकीला सिव्हिल लाइन्समध्ये शिरण्यास बंदी घालण्यात आली. 1 मेपासून रोज तुकड्या निघत, हद्दीवर अडवल्या जात आणि तुरुंगात जात. जमनालाल बजाज पकडले गेले, त्यानंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक येत राहिले आणि कैद्यांचा आकडा दीड हजारांच्या वर गेला. 18 ऑगस्टला मिरवणूक झेंड्यांसह सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह संपला. हा तोडगा कौन्सिलच्या मतदानातून निघाला नाही; पटेल बंधू आणि सरकार यांच्यातल्या बोलण्यांतून निघाला. ज्या हद्दीवर तेव्हा झेंडे अडवले जात, त्याच परिसराच्या कडेला आज अधिवेशनावरचे मोर्चे अडवले जातात. रस्त्यांची नावे बदलली, अडवण्याची जागा फारशी सरकली नाही.

त्याच वर्षाअखेर झालेल्या निवडणुकीत मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. कौन्सिलातील त्यांच्या आघाडीवर नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे होते. 1924 च्या आरंभी या पक्षाने मंत्र्यांवर अविश्वास मंजूर केला, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपये ठरवला. मंत्री गेले आणि गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खातीही स्वतःकडे घेतली. या विजयात एक विसंगती होती आणि ती तेव्हाही लपलेली नव्हती. ज्या खात्याबद्दल लोकांच्या मनात सर्वांत जास्त राग होता, त्या पोलीस खात्याचे यात काहीच बिघडले नाही. राखीव खात्याची मागणी कौन्सिलने नाकारली तरी गव्हर्नर आपल्या सहीने ती मंजूर करू शके. शाळा आणि दवाखाने सांभाळणारे मंत्री पडले, लाठी सांभाळणारे खाते जागेवर राहिले.

पुढच्या वर्षी मोरोपंत जोशींची मुदत संपली आणि त्यांच्या जागी श्रीपाद बळवंत तांबे यांची नेमणूक झाली. तांबेही अमरावतीचे, पण स्वराज्य पक्षाचे, आणि त्या वेळी कौन्सिलचे अध्यक्ष. सरकारला आतून अडवण्यासाठी निवडून आलेल्या पक्षाचा माणूस सरकारचे गृहखाते चालवायला गेला, यावरून देशभर वादळ उठले. मोतीलाल नेहरूंनी कडक शब्दांत निषेध केला. न. चिं. केळकर आणि मु. रा. जयकर यांना मात्र त्यात एवढे पाप दिसले नाही. या वादातून प्रतियोगी सहकारितेचा गट वेगळा झाला आणि मुंजेही त्याच वाटेने गेले. तांबे पुढे 1929 मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. तांबे यांच्यावरच्या टीकेत व्यक्तिद्वेषाचा भाग होताच. पण त्यातला मूळ प्रश्न खरा होता. लोकांच्या मतांवर आलेल्या माणसाने, लोकांना उत्तर न देणाऱ्या खात्याची बाजू लोकांच्या सभागृहात मांडायची, ती कशी? तांबे यांच्या कारकिर्दीतच, 1927 च्या सप्टेंबरात, नागपुरात मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. म्हणजे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही.

उत्तर 1937 मध्ये मिळाले, निदान कागदावर. प्रांतिक स्वायत्तता आली, 112 सदस्यांची विधानसभा निवडून आली आणि घनश्यामसिंह गुप्त सभापती झाले. पोलीस खाते आता मंत्र्यांकडे आले आणि मंत्री सभागृहाला जबाबदार झाले. डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ जेमतेम वर्षभर टिकले. त्या वर्षातले एक प्रकरण या विषयाला लागूनच आहे. कायदामंत्री मोहम्मद युसूफ शरीफ यांनी वर्ध्यातील बलात्काराच्या एका खटल्यात शिक्षा झालेल्या कैद्याला मुदतीआधी सोडले. पीडित मुलगी दलित होती, कैदी वजनदार होता. गहजब झाला, काँग्रेसने कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे प्रकरण सोपवले आणि शरीफ यांना जावे लागले. चौकशी पक्षाने नेमली होती, सभागृहाने नव्हे. तरी मंत्र्याची सही तपासली जाऊ शकते, हे नागपुरात प्रत्यक्ष दिसले.

युद्धानंतर 1946 मध्ये रविशंकर शुक्ल पुन्हा पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला हेच नाव होते) आणि गृहखाते द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे आले. स्वतः अनेकदा तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हाती आता तुरुंग आले. फाळणीचे दंगे, निर्वासित, गांधीहत्येनंतरची जाळपोळ आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघावरील बंदी हे सगळे याच काळातले, आणि संघाचे मुख्यालय तर नागपुरातच. 1 फेब्रुवारी 1948 रोजी सरसंघचालक गोळवलकर यांना नागपुरात अटक झाली. प्रांताकडे सार्वजनिक सुरक्षिततेचा कायदा होता आणि 1946 चा ‘गुंडा कायदा’ही होता. या दुसऱ्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला एखाद्याला गुंड ठरवून हद्दपार करण्याचा अधिकार दिला होता.

हा गुंडा कायदा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1960 मध्ये रद्द झाला. तोवर नागपूर मध्य प्रदेशातून बाहेर पडले होते, त्यामुळे मराठी वाचकांच्या आठवणीत तो निकाल फारसा नाही. न्यायालयाचा आक्षेप साधा होता. कायद्यात ‘गुंड’ कोण हे नीट सांगितलेले नव्हते. व्याख्या इतकी सैल होती की अधिकाऱ्याला वाटेल तो माणूस त्यात बसवता येई, आणि आपण गुंड नाही हे दाखवण्याची पुरेशी संधी त्या माणसाला मिळत नसे. साठ-पासष्ट वर्षांनंतर नागपूरच्याच सभागृहात मांडलेल्या विधेयकावर हाच आक्षेप वेगळ्या शब्दांत आला. त्याचा विचार पुढे केला आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राजधानी भोपाळला गेली. नागपूरच्या विधानभवनाचे पुढे काय होणार, हे एका आधीच्या कागदाने ठरले होते. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला आश्वासन दिले होते की सरकार दरवर्षी काही काळ अधिकृतपणे नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे होईल. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी हिवाळी अधिवेशनाची प्रथा सुरू झाली. मंत्रालयातून फायली, टंकलेखक, शिपाई, सचिव सगळे निघायचे आणि नागपुरात उतरायचे. मुख्यमंत्री रामगिरीत, उपमुख्यमंत्री देवगिरीत, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात आणि आमदार आमदार निवासात, ही वाटणी नागपूरकरांना पाठ आहे.

कराराचा हेतू विदर्भाच्या प्रश्नांना न्याय मिळावा हा होता. गृहखात्याच्या बाबतीत त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मुंबईत मंत्रालय आणि विधानभवन ही शहराच्या टोकाला आहेत आणि तक्रारदाराला तिथवर जाणे परवडत नाही. नागपुरात मात्र गडचिरोली, भंडारा, यवतमाळचा माणूस एसटीने येतो आणि दुपारपर्यंत सभागृहापासून हाकेच्या अंतरावर उभा असतो. यशवंत स्टेडियमजवळ धरणे, टेकडी रोडवर मोर्चा, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला लोखंडी कठडे आणि त्यांच्यामागे पोलिसांची रांग. शिष्टमंडळ आत जाते, मंत्री निवेदन घेतात, मोर्चा पांगतो. आत सभागृहात सुव्यवस्थेचे उत्तर चालू असते तेव्हा बाहेर ती सुव्यवस्था प्रत्यक्ष चालू असते.

23 नोव्हेंबर 1994 रोजी ती मोडली. गोवारी समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी आला होता. सरकारी यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद होती आणि ती एक जमात की दोन, यावर त्यांचे सगळे भवितव्य अडले होते. संध्याकाळपर्यंत कुणी मंत्री भेटायला आला नाही. गर्दी कठड्यांवर रेटली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले अधिक होती. अधिवेशन चालू असताना, सभागृहाच्या इतक्या जवळ झालेल्या या घटनेवर सरकारला उत्तर द्यायचे होते. मुख्यमंत्री शरद पवार होते, विधानसभेत विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला, पण त्याच्या अहवालातून कुणा एकावर दोष आला नाही.

राजीनामा ज्या खात्याचा झाला त्याकडे पाहण्यासारखे आहे. मागणी आदिवासी विकास खात्याशी होती, म्हणून त्या खात्याचा मंत्री गेला. कठडे, लाठ्या आणि गर्दी हाताळण्याचे नियोजन हे पोलिसांचे काम होते, पण ती जबाबदारी राजकीय पातळीवर कुणी घेतली नाही. 1995 मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात सवलत मिळाली. अनुसूचित जमातीचा दावा नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये मान्य केला, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये अमान्य केला. झिरो माइलजवळ स्मारक झाले आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले. मोर्चे हाताळण्याच्या पद्धतीत मात्र त्यानंतर नक्की फरक पडला. शिष्टमंडळाला वेळेत मंत्र्याची भेट मिळणे हा आता बंदोबस्ताचाच एक भाग मानला जातो.

गृहमंत्र्यांचे उत्तर तयार कसे होते, हेही पाहायला हवे. सभागृहात मंत्री उभे असतात तेव्हा अधिकाऱ्यांच्या कक्षात गृहसचिव आणि वरिष्ठ पोलीस अधिकारी मांडीवर फायली घेऊन बसलेले असतात. सदस्याने अचानक एखाद्या पोलीस ठाण्याचे नाव घेतले की तिथे धावपळ होते. चिठ्ठी लिहिली जाते, शिपाई ती मंत्र्यांच्या बाकापर्यंत नेतो, मंत्री बोलता बोलता डोळ्यांखालून घालतात आणि पुढच्या वाक्यात तारीख, कलम, आरोपींची संख्या येते. कुशल मंत्री चिठ्ठी वाचतोय असे दिसू देत नाही. आकड्यांचीही एक ठरलेली झुंज असते. विरोधक गुन्ह्यांची एकूण संख्या सांगतात, कारण महाराष्ट्र मोठा असल्याने ती नेहमीच मोठी दिसते. मंत्री दर लाख लोकसंख्येमागचा दर सांगतात आणि इतर राज्यांच्या शेजारी ठेवतात. दोन्ही आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या एकाच पुस्तकातले असतात. दोषसिद्धीचे प्रमाण हा आकडा मात्र अनेक वर्षे दोन्ही बाजूंनी टाळला, कारण तो कुणालाच शोभा देणारा नव्हता.

अधिवेशनांच्या वेळापत्रकामुळे आणखी एक गंमत होते. नागपूरच्या घटनांची उत्तरे मुंबईत दिली जातात आणि मुंबईच्या घटनांची नागपुरात. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून 31 मार्च 2015 रोजी पाच कच्चे कैदी पळाले तेव्हा मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन होते, आणि मुख्यमंत्रिपद व गृहखाते दोन्ही नागपूरच्या देवेंद्र फडणवीसांकडे होती. 17 मार्च 2025 रोजी महाल भागात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी फडणवीसांनी मुंबईच्या विधानसभेत निवेदन केले की हा हल्ला पूर्वनियोजित दिसतो आणि तीन उपायुक्तांसह 33 पोलीस जखमी झाले. उलट, 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यावरची झाडाझडती नागपुरात झाली.

तो हिवाळा गृहखात्याच्या इतिहासातला सर्वांत अवघड म्हणता येईल. मोठ्या शहरात अशा लहानसहान घटना होतातच, अशा आशयाचे एक वाक्य बोलल्याने गृहमंत्री आर. आर. पाटील यांना 1 डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. नवे गृहमंत्री जयंत पाटील यांना खात्यावर येऊन थोडेच दिवस झाले होते आणि आधीच्यांच्या काळातल्या त्रुटींचा बचाव करायचा होता. अनुभवी माजी सनदी अधिकारी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली गेली. 2009 मध्ये अहवाल आला, पण त्यात सुरक्षेची गुपिते आहेत म्हणून सरकारने तो सभागृहापुढे पूर्ण ठेवला नाही. कार्यवाहीचा अहवाल तेवढा ठेवला.

त्या वर्षी निवडणुका होऊन आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले आणि डिसेंबरमध्ये नागपुरात आले. मूळ अहवाल तोवर फुटला होता आणि विरोधी पक्षनेते एकनाथ खडसे यांनी त्यावरून सरकारला धारेवर धरले. जे विरोधकांच्या हाती आहे ते सभागृहापासून गुप्त ठेवण्यात काय अर्थ, या प्रश्नाला उत्तर नव्हते. सरकारने अहवाल पटलावर ठेवला आणि तो फुटला कसा याची चौकशी लावली. अहवालात तत्कालीन पोलीस आयुक्त हसन गफूर यांच्या नेतृत्वावर ठपका होता. गुप्ततेचा दावा खरा असू शकतो, आणि अडचणीचे लपवण्यासाठीही तो वापरता येतो. सभागृहाला या दोहोंतला फरक कळावा अशी सोय विधिमंडळाच्या नियमांत नाही, हे त्या आठवड्यात उघड झाले.

त्याच अधिवेशनावर गडचिरोलीचेही सावट होते. 2009 मध्ये मरकेगाव येथे 15, हत्तीगोटा येथे 16 आणि लाहेरी येथे 17 पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मारले गेले. आर. आर. पाटील यांनी पुढे गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःहून मागून घेतले, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट. त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, 2006 च्या खैरलांजी हत्याकांडानंतर विदर्भात उसळलेल्या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची शंका त्यांनी बोलून दाखवली होती आणि दलित समाजात ती फार लागली. नक्षलवाद हे विदर्भातले खरे संकट आहे आणि गृहमंत्र्यांच्या हातातले सोपे स्पष्टीकरणही आहे. नागपूरच्या चर्चांत या दोन्हींची गल्लत अनेकदा झालेली दिसते.

ती गल्लत पुन्हा वादात आली ती जनसुरक्षा विधेयकामुळे. विधेयक आधी जुलै 2024 मध्ये मुंबईत मांडले गेले होते, पण विधानसभेची मुदत संपली. नव्या विधानसभेच्या पहिल्याच नागपूर अधिवेशनात, 18 डिसेंबर 2024 रोजी, फडणवीसांनी ते पुन्हा मांडले. त्याच आठवड्यात बीडमधील सरपंचाच्या खुनावर आणि परभणीतील हिंसाचारावर सभागृह तापलेले होते आणि 20 डिसेंबरला त्यांनी विशेष पथक व न्यायालयीन चौकशी जाहीर केली. विधेयकाचा बचाव असा होता: छत्तीसगड, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि ओडिशात असे कायदे आहेत, महाराष्ट्रात नाही, म्हणून तिथे बंदी असलेल्या संघटना इथे आधार शोधतात. जंगलातला नक्षलवाद मागे हटत आहे, आता शहरांतील आघाडीच्या संघटनांकडे पाहिले पाहिजे. आक्षेप असा होता: ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या एवढी पसरट आहे की उद्या कुठलाही मोर्चा त्यात बसेल. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या शहरात हा आक्षेप पुस्तकी राहत नाही.

या वेळी सरकारने विधेयक रेटून नेले नाही. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली आणि बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने विधेयकाचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटनांवर आणला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. बंदीचा आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती राहतील असे ठरले. हे बदल मामुली नाहीत, आणि विरोधकांनी समितीत बसून ते करून घेतले. पण ‘तत्सम’ हा शब्द राहिला. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाले तेव्हा डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनीच काय तो विरोध नोंदवला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही ते संमत झाले, विरोधकांच्या सभात्यागानंतर.